नेट गेलंय, मेल जात नाही: पुण्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कनेक्शन कोणत्याही कंपनीचं असो, प्रश्न साधारण हेच असतात. कस्टमर केअरला फोन लावण्याआधी एक ठरवता आलं पाहिजे: बिघाड बाहेरच्या तारेत आहे, डब्यात (बाहेरची फायबरची तार घरात जिथे लागते त्यात) आहे, वायफायमध्ये आहे की आपल्याच फोन-लॅपटॉपमध्ये. ते न ठरवता तक्रार दिली की माणूस दोन दिवसांनी येतो, राउटर बंद करून चालू करतो आणि ‘आता बघा’ म्हणून निघून जातो.

सोसायटीत तीन कंपन्यांची लाइन आहे. कोणती घ्यावी?

जाहिरातीतल्या स्पीडवरून ठरवू नका. पहिला प्रश्न हा विचारा: फायबर थेट घरात येणार, की गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या पेटीपर्यंतच येऊन पुढे साधी लॅन केबल येणार? दोन्हीला सर्रास ‘फायबर’ म्हणूनच विकलं जातं, पण फरक मोठा आहे.

फायबर घरात येत असेल, तर कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या डब्यापर्यंत मध्ये फक्त स्प्लिटर, म्हणजे एका तारेतला प्रकाश अनेक घरांना वाटून देणारे तुकडे, असतात. ते काचेचे असतात आणि त्यांना वीज लागत नाही. दुसऱ्या पद्धतीत जिन्यातल्या पेटीत विजेवर चालणारा स्विच असतो. गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवली की तो स्विच बंद पडतो आणि घरात इन्व्हर्टर असूनही तुमचं नेट जातं. त्या पेटीला बॅटरी आहे का, हे केबलवाल्याला आधीच विचारून घ्या.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांना विचारा. ‘स्पीड किती मिळतो’ हे नका विचारू, सगळे ‘चांगला आहे’ म्हणतात. ‘गेल्या पावसाळ्यात किती वेळा गेलं आणि किती दिवसांनी आलं’ हे विचारा. एकाच कंपनीची सेवा कोथरूडला उत्तम आणि धायरीला रडतखडत असू शकते, कारण दुरुस्तीला येणारा स्थानिक माणूस वेगळा असतो.

प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, पण डाउनलोड करताना १२च दिसतात. फसवलं का?

नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात आणि कॉम्प्युटर फाइल मेगाबाइटमध्ये दाखवतो. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून १०० भागिले ८ बरोबर १२.५. थोडा भाग डेटाच्या पाकिटांवरचे पत्ते वगैरे खातात, त्यामुळे ११ ते १२ दिसलं तर लाइन ठणठणीत आहे. १ जीबीची फाइल दीड मिनिटाच्या आत उतरायला हवी.

चौघांच्या घराला किती स्पीड पुरतो?

दोघांचे ऑफिसचे व्हिडिओ कॉल (प्रत्येकी साधारण ४ एमबीपीएस), टीव्हीवर फोर-के सिनेमा (१५ ते २५) आणि एका मोबाइलवर व्हिडिओ (५) हे सगळं एकाच वेळी चाललं तरी बेरीज ४० च्या आत राहते. १०० चा प्लॅन भरपूर झाला. ३०० किंवा ५०० घेणाऱ्या बहुतेक घरांत खरी अडचण वायफायची असते आणि महागडा प्लॅन घेऊन ती सुटत नाही. अपलोडचा स्पीड मात्र आवर्जून विचारा. डाउनलोडइतकाच अपलोड मिळत असेल, तर तो प्लॅन घरून काम करणाऱ्यांसाठी जास्त कामाचा.

‘अनलिमिटेड’लाही मर्यादा असते. बऱ्याच प्लॅनमध्ये ती महिन्याला ३.३ टीबीच्या आसपास असते आणि ती ओलांडली की स्पीड अगदी कमी होतो. फोर-के पाहताना तासाला सुमारे ७ जीबी जातात, तेव्हा साध्या घराला ही मर्यादा गाठणं अवघड आहे. गाठली गेलीच, तर आठ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जातंय का, हे आधी बघा.

४९९ चा प्लॅन आणि बिल ५८९ चं कसं?

१८ टक्के जीएसटी. ४९९ चे ५८८.८२ होतात आणि ९९९ चे ११७८.८२. जाहिरातीतली किंमत जवळपास नेहमी कराविना असते. राउटर ‘फ्री’ म्हणतात तेव्हा तो बहुधा वापरायला दिलेला असतो. कनेक्शन बंद करताना परत द्यावा लागतो, म्हणून खोकं आणि ॲडॅप्टर जपून ठेवा.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये कनेक्शन मिळतं का?

मिळतं. आधार किंवा दुसरं ओळखपत्र आणि लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत लागते. करार ११ महिन्यांचा असताना स्वस्तात पडतो म्हणून १२ महिन्यांचा प्लॅन घेऊ नका. घर बदललं आणि नव्या सोसायटीत त्या कंपनीची लाइन नसेल, तर उरलेले पैसे परत मिळवण्यात चपला झिजतात. तीन किंवा सहा महिन्यांचा ठीक.

भिंतीला भोक पाडण्याआधी घरमालकांना विचारा. बऱ्याचदा एसीच्या पाइपच्या भोकातून किंवा खिडकीच्या ट्रॅकच्या कोपऱ्यातून फायबर आत घेता येते. मात्र ती सरकत्या काचेखाली येता कामा नये. खिडकी दहा वेळा उघडझाप झाली की तार दबते आणि महिन्याभराने ‘आपोआप’ नेट जातं.

डब्यावर लाल दिवा लागलाय. काय करायचं?

‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला, म्हणजे डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. दोष तारेत आहे. फोन, वायफाय, पासवर्ड यांचा त्याच्याशी संबंध नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नका. हे क्रमाने बघा:

१. डब्याच्या मागे किंवा खाली बारीक पिवळी किंवा पांढरी तार हिरव्या टोकाने खोचलेली असते. ते टोक नीट बसलंय का बघा. झाडलोट करताना धक्का लागून ते अर्धं बाहेर येणं ही अगदी नेहमीची गोष्ट. आत ढकलल्यावर ‘टक’ असा आवाज यायला हवा.

२. तार कुठे मुडपली आहे का, सोफ्याच्या पायाखाली आली आहे का, खिळ्याला अडकवली आहे का, तेही बघा. आत काच आहे. बांगडीएवढं वेटोळं चालतं, पण घडी पडली की प्रकाश बाहेर गळतो आणि डबा आंधळा होतो.

३. डबा दोन मिनिटं बंद ठेवून परत चालू करा. तरी लाल असेल तर तक्रार द्या आणि ‘एलओएस लाल आहे’ हेच शब्द वापरा. त्याने कॉल सेंटरच्या स्क्रिप्टमधले चार प्रश्न टळतात आणि फायबर जोडणारा माणूस थेट येतो.

टोक बाहेर काढून त्यात डोकावून बघू नका. तो प्रकाश लेसरचा असतो आणि डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ‘काही दिसत नाही म्हणजे बंद आहे’ असं समजणं धोक्याचं. टोक शर्टाला पुसूही नका. धुळीचा एक कण बसला तरी सिग्नल पडतो.

दुरुस्तीला आलेल्या माणसाला पॉवर मीटरचा, म्हणजे तारेतून किती प्रकाश येतो ते मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा विचारा. तो उणे डीबीएममध्ये येतो. उणे १८ ते उणे २४ असेल तर छान. उणे २७ किंवा त्याहून खाली असेल, तर आज चालू करून दिलं तरी पहिल्या पावसात परत जाणार. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणून २४ आणि २७ मधला फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. आकडा वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी भांडायला उपयोगी पडतो.

सगळे दिवे हिरवे आहेत, तरी नेट नाही.

मग तार ठीक आहे. प्लॅन संपलाय का, हे पहिलं बघा. निम्म्या वेळा उत्तर इथेच असतं. रिचार्ज बाकी असेल, तर काही कंपन्या फक्त पैसे भरायचं पान उघडू देतात.

पैसे भरलेले असतील, तर मोबाइलवर व्हॉट्सॲप चालतं पण वेबसाइट उघडत नाहीत, असं आहे का ते पाहा. तसं असेल तर दोष बहुधा डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटचं नाव सांगितलं की पत्ता काढून देणाऱ्या यंत्रणेचा. राउटरच्या किंवा फोनच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. लगेच फरक पडला, तर कंपनीचा डीएनएस झोपला होता.

आणि एक कळकळीची विनंती. राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून ‘रिसेट’ करू नका. त्याने राउटर नुसता बंद-चालू होत नाही, त्यातल्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. अनेक कनेक्शनमध्ये कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड राउटरच्या आत टाकलेलं असतं (या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात). ते पुसलं गेलं की पाच मिनिटांत येणारं नेट माणूस येईपर्यंत येत नाही. बंद-चालू करायचं असेल तर सरळ बटण वापरा. ते युजरनेम-पासवर्ड आजच मागून घेऊन राउटरच्या तळाला चिकटवून ठेवा.

वीज गेली की नेट जातं. घरात इन्व्हर्टर नाही. काय घ्यावं?

राउटरसाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो, तो घ्या. घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट आणि १, १.५ किंवा २ अँपिअर लिहिलेलं असतं, पण काही जुने राउटर ९ किंवा ५ व्होल्टचे असतात. त्यांना १२ दिले तर जळतात. यूपीएसचे अँपिअर लेबलएवढे किंवा त्याहून जास्त हवेत. पिनही जुळली पाहिजे: ५.५ मिमीच्या दोन पिना दिसायला सारख्या असतात, पण आतलं भोक एकीत २.१ तर दुसरीत २.५ मिमीचं असतं. सैल बसली तर राउटर मधूनच बंद-चालू होत राहतो आणि दोष मात्र नेटवर जातो.

किती वेळ चालेल, याचा हिशेब खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावरून करू नका. ८८०० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशेबाने असतात. म्हणजे ८.८ गुणिले ३.७, सुमारे ३२ वॉट-तास. रूपांतरात थोडी घट होऊन हातात २६ उरतात. राउटर साधारण ९ वॉट खातो, तेव्हा तीन तास मिळतील. गुरुवारचा सकाळी लवकर सुरू होऊन दुपारपर्यंत चालणारा शटडाउन त्यात बसणार नाही, अवचित जाणारी वीज बसेल.

घरात फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल, तर दोन्हींना यूपीएस लागेल. एकालाच लावून ‘यूपीएस घेऊनही नेट जातं’ अशी तक्रार नेहमी येते.

पावसाळ्यात सारखं का जातं?

पुण्यात तारा अजून बऱ्याच ठिकाणी खांबांवरून आणि झाडांवरून जातात. वादळात फांदी पडली की तारा घेऊन पडते. खारी आणि उंदीर तारेचं आवरण कुरतडतात, आणि बाहेरच्या जोडपेटीत पाणी शिरलं की सिग्नल खाली जातो. एप्रिल-मेमध्ये रस्तेखोदाईची घाई असते, जेसीबीच्या एका फटकाऱ्यात अख्खी आळी बंद पडते. असं झालं तर तुमची एकट्याची तक्रार असूनही दुरुस्ती सगळ्यांची मिळूनच होते. समोरच्या बिल्डिंगमध्येही गेलंय का, हे विचारून तक्रारीत सांगा.

वळवाच्या पावसातली वीज हा वेगळा विषय. गच्चीवरून तांब्याची लॅन केबल घरात येत असेल, तर विजेचा झटका त्या तारेतून येऊन राउटरचं पोर्ट मारतो. लक्षण ठरलेलं: राउटर चालू, वायफाय दिसतं, पण ‘वॅन’चा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइनचा, दिवा कधीच लागत नाही. गडगडाट सुरू झाला की ॲडॅप्टर काढाच, लॅन केबलही काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, तिथे ॲडॅप्टर काढला की पुरे.

हॉलमध्ये नेट पळतं, बेडरूममध्ये गोल फिरत राहतं.

राउटर कुठे आहे? बहुतेक घरांत तो दाराजवळ, टीव्हीच्या मागे किंवा लोफ्टवर असतो, म्हणजे जिथे तार सोयीने आली तिथे. वायफायला त्या सोयीशी घेणं-देणं नाही. तो घराच्या मध्यावर, उभ्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळा हवा. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि माशांची टाकी यांच्याआड ठेवू नका. धातू आणि पाणी दोन्ही सिग्नल अडवतात.

राउटर बहुधा दोन वायफाय सोडतो. २.४ गिगाहर्ट्झचं लांब जातं, भिंती ओलांडतं, पण हळू असतं आणि त्यात शेजाऱ्यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान असतं, पण दोन आरसीसी भिंतींनंतर दम तोडतं. साध्या फोनवर २.४ वर ३५ ते ४० एमबीपीएस मिळाले तर तेवढेच मिळणार, ३०० चा प्लॅन घेतला तरी. टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर ठेवा. बल्ब, गिझरचे स्मार्ट प्लग वगैरे २.४ वर. दाट वस्तीत २.४ चं चॅनल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी जे रिकामं दिसेल ते लावा. मधले ३, ४ किंवा ८ लावले तर दोन्ही बाजूंच्या गर्दीचा त्रास होतो.

कसबा किंवा सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात हात-दीड हात जाडीच्या भिंती असतात. तिथे कितीही अँटेनांचा राउटर आणा, पलीकडच्या खोलीत जाणार नाही. तिथे तारच न्यायला लागते.

मग एक्स्टेंडर घ्यावा की मेश?

स्वस्तातला एक्स्टेंडर आम्ही सहसा सुचवत नाही. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुढे बोलतो, त्यामुळे स्पीड जवळपास निम्मा होतो. वर लोक तो जिथे रेंज नाही तिथेच लावतात! ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? लावायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर लावा.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे दुसऱ्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन तिथे दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावणं. वीसेक वर्षांपूर्वी बांधलेल्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत लँडलाइनचा पॉइंट असतो. त्याची भिंतीतली नळी आज रिकामीच पडलेली असते. इलेक्ट्रिशियनला बोलावून जुनी टेलिफोन वायर ओढताना तिच्याच टोकाला कॅट-६ केबल बांधायची, की भिंत न फोडता केबल पलीकडे निघते. विजेच्या तारांच्या नळीतून मात्र लॅन केबल नेऊ नका. तार नेणं जमतच नसेल, तर मेश (एकमेकांशी बोलून घरभर एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे) घ्या, शक्यतो तीन बँडचा.

केबल लावूनही ९४ च्या वर जात नाही. प्लॅन ३०० चा आहे.

९४-९५ हा आकडा दिसला की बाकी काही शोधायची गरज नाही: वाटेत कुठेतरी १०० चं पोर्ट आहे. एकतर राउटर किंवा लॅपटॉप जुना आहे, नाहीतर केबलच्या आठांपैकी चारच तारा जोडल्या आहेत. स्थानिक केबलवाले एका केबलमधून दोन घरं काढायला चार-चार तारा वाटतात, तिथे हा प्रकार हमखास सापडतो. प्लगच्या पारदर्शक टोकात डोकावून रंगीत तारा मोजा. गिगाबिटला आठही लागतात. कॅट-५ई केबलवर १०० मीटरपर्यंत गिगाबिट जातं, तेव्हा महागडी कॅट-७ घ्यायची गरज नाही.

रात्री नऊनंतर हळू होतं.

लॅपटॉपला केबल लावून सकाळी सात वाजता आणि रात्री साडेनऊला स्पीड मोजा, तीन दिवस. केबलवरही रात्री पडत असेल तर कंपनीची पुढची वाट अपुरी आहे, आकड्यांसह तक्रार द्या. केबलवर ठीक आणि वायफायवरच पडत असेल तर शेजारच्या वीस राउटरांची गर्दी आहे, ५ गिगाहर्ट्झवर जा.

स्पीड टेस्ट उत्तम, पण मीटिंगमध्ये आवाज तुटतो.

कॉलला वेग कमीच लागतो, त्याला सातत्य लागतं. कुणाच्या तरी फोनवरून लग्नाचे फोटो क्लाउडवर चढत असतील, तर अपलोडची वाट तुंबते आणि तुमचा आवाज त्या रांगेत मागे उभा राहतो. मीटिंगच्या वेळी फोटो बॅकअप थांबवा. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ (कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सेटिंग) असेल तर लॅपटॉपला प्राधान्य द्या.

सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही. डीव्हीआरवाला म्हणतो पोर्ट फॉरवर्ड करा.

पोर्ट फॉरवर्ड म्हणजे बाहेरून आलेली मागणी राउटरने थेट डीव्हीआरकडे (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या यंत्राकडे) पाठवणं. ते केलं तरी चालणार नाही, अशीच शक्यता जास्त. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते अपुरे असल्याने कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही त्या सामायिक पत्त्याआड आहात आणि बाहेरून तुमच्या घरापर्यंत कुणी पोचू शकत नाही. दोन मार्ग: डीव्हीआर बनवणाऱ्या कंपनीचं क्लाउड ॲप वापरा, किंवा जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता, घ्या. घरासाठी पहिला पुरेसा आहे. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड मात्र बदला, नाहीतर तुमचा हॉल भलत्यालाच दिसेल.

वायफायचा पासवर्ड कसा ठेवावा?

फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर किंवा मुलाचं नाव नको. सहज लक्षात राहणारे चार असंबद्ध शब्द जोडा. सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा. राउटरच्या पानाचा ‘ॲडमिन’ पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा.

इंटरनेट कंपनीने दिलेला ईमेल पत्ता वापरावा का?

स्पष्ट सांगतो: नको. कनेक्शन बदललं की तो पत्ता जातो. बँक, म्युच्युअल फंड, पासपोर्ट, आयकर, सगळीकडे तोच दिलेला असला, की ओटीपी बंद झालेल्या मेलबॉक्सकडे जात राहतात. नेट आणि ईमेल वेगवेगळ्या ठिकाणचं असावं. ज्येष्ठांकडे असा जुना पत्ता असेल, तर कनेक्शन सोडण्याआधी किमान दोन-तीन महिने नवा पत्ता सगळीकडे नोंदवत राहा. जुन्यावर कोणाकोणाचे मेल येतात, त्याची यादी आपोआप तयार होते.

आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये पासवर्ड बरोबर टाकूनही जीमेल घेत नाही.

जुनं सॉफ्टवेअर असेल तर नेहमीचा पासवर्ड आता चालत नाही. गूगल खात्यात आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि मग ‘ॲप पासवर्ड’ तयार करा. १६ अक्षरं मिळतात, ती मोकळ्या जागांशिवाय टाका. नव्या आवृत्त्यांत ‘साइन इन विथ गूगल’ची खिडकी उघडते, तिथे हे लागत नाही.

सर्व्हरची सेटिंग हाताने भरायची असेल, तर आयमॅपला पोर्ट क्रमांक ९९३, पॉपला ९९५ आणि मेल पाठवायला ४६५ किंवा ५८७. (आयमॅप आणि पॉप या मेल उतरवून घेण्याच्या दोन पद्धती, त्यांतला फरक पुढे आहे.)

मेल येतात, पण जात नाहीत.

पाठवण्याचं पोर्ट २५ असेल तर तेच कारण. स्पॅम रोखायला घरगुती कनेक्शनवर ते बहुतेक ठिकाणी बंद ठेवलेलं असतं. ५८७ करा, ‘स्टार्ट टीएलएस’ निवडा आणि ‘पाठवतानाही लॉगिन लागतं’ या अर्थाचा पर्याय चालू ठेवा. तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते.

कॉम्प्युटरवर मेल उघडले आणि फोनवरून गायब झाले!

कॉम्प्युटर पॉपवर आहे. पॉप म्हणजे पोस्टाच्या पेटीतून पत्रं काढून घरी आणणं: पेटी रिकामी होते. आयमॅपमध्ये पत्रं पेटीतच राहतात आणि प्रत्येक यंत्र तीच पेटी बघतं. आयमॅप लावा. पण आधी कॉम्प्युटरवरच्या जुन्या मेलची प्रत काढा, कारण पॉपने उतरवलेले मेल कदाचित फक्त तिथेच उरले असतील. जुनं खातं आधी काढून टाकलं तर तेही जातात.

जीमेल म्हणतं जागा संपली. मेल तर फार नाहीत.

१५ जीबी ही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे. १ जून २०२१ पासून फोटोही त्यात मोजले जातात, आणि जागा खातात ते बहुधा व्हिडिओच. गूगल वनच्या स्टोरेज पानावर मोठ्या फाइल वेगळ्या दिसतात, तिथून सुरुवात करा. काढलेलं कचरापेटीत ३० दिवस (फोटो-व्हिडिओ ६० दिवसांपर्यंत) राहतं आणि तोवर जागा मोकळी होत नाही, म्हणून पेटीही रिकामी करा. जागा पूर्ण भरली की येणारे मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात. बँकेचा मेल ‘आलाच नाही’ त्यामागे अनेकदा हेच असतं.

आणखी एक: दोन वर्षं न उघडलेलं वैयक्तिक गूगल खातं गूगल काढून टाकू शकतं. आजोबांच्या खात्यात गावच्या घराची कागदपत्रं असतील तर वर्षातून एकदा उघडत जा.

८ एमबीची फाइल परत आली. मर्यादा तर २५ ची आहे ना?

२५ तुमच्या बाजूची. समोरच्या ऑफिसचा सर्व्हर १० वरच थांबत असेल. शिवाय मेलमधून जाताना फाइलचं अक्षरांत रूपांतर होतं आणि ती एक तृतीयांशाहून थोडी जास्त फुगते. ८ ची जवळजवळ ११ होते. मोठी फाइल ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या, आणि लिंक ‘ज्यांच्याकडे आहे त्यांना उघडेल’ अशी केली आहे ना, ते तपासा.

सोसायटीच्या सभेची नोटीस शंभर जणांना पाठवली, निम्म्यांच्या स्पॅममध्ये गेली.

सगळे पत्ते एकदम ‘टू’मध्ये घातले की स्पॅमगाळणीला संशय येतो, आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात ते वेगळंच. गूगल ग्रुप करा. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० पत्त्यांपेक्षा जास्त जात नाहीत. सभासदांनी स्पॅममधून ‘नॉट स्पॅम’ केलं तर पुढच्या नोटिसा इनबॉक्सात येतात.

‘तुमचा मेलबॉक्स २४ तासांत बंद होईल’ असा मेल आलाय.

पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून खरा पत्ता बघा. नाव ‘सपोर्ट’ आणि पत्ता भलताच असेल. लिंक दाबू नका. केबल कंपनीच्या नावाने फोन करून ‘केवायसीसाठी हे ॲप टाका’ सांगणाऱ्यांचंही तेच. कुठलाही खरा इंजिनिअर तुमची स्क्रीन बघायला ॲप टाकायला लावून वर ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच, तर तासाभराची वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवता यावी, म्हणून ही घाई.

तक्रार देऊनही कोणी फिरकत नाही.

तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर केबलवाल्या दादांना सांगितलेलं तक्रारीत धरलं जात नाही. कंपनीच्या ॲपवर किंवा कॉल सेंटरला नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. ‘सोडवली’ असा मेसेज आला आणि नेट आलं नसेल, तर लगेच परत नोंदवा, नाहीतर ती बंद धरली जाते. समाधान झालं नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येतं. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमांमुळे ही सोय आहे आणि ती फुकट आहे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

लाइन तीन दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली तर नेटच्या भाड्यात सूट किंवा मुदतवाढ मागा. बंद पडल्याची तारीख, वेळ आणि लाल दिव्याचा फोटो असेल तर वाद होत नाही.

कनेक्शन बंद करताना काय काळजी घ्यावी?

रिचार्ज न करणं म्हणजे बंद करणं नव्हे. पोस्टपेड असेल तर बिल चढत राहतं आणि वर्षभराने वसुलीचे फोन येतात. बंद करण्याची विनंती ॲपवर किंवा मेलवर लेखी द्या. डबा न्यायला माणूस आला की डबा, राउटर, दोन्ही ॲडॅप्टर आणि पिवळी तार यांची पावती घ्या आणि त्यावर डब्याचा सिरियल नंबर लिहून घ्या. तो तळाच्या स्टिकरवर असतो. माणूस दारात असतानाच फोटो काढा, नंतर डबा हातातून गेलेला असतो. भिंतीतली फायबर मुळापासून उपटू देऊ नका. नवीन भाडेकरूला तीच कंपनी घ्यायची असेल तर कामाला येते. टोकाला टोपण लावून गुंडाळून ठेवा, घडी न घालता.